एकास सतरा

पहिले सहा महिने नुसता बांध घातला.
विटांचे तुकडे, वर मुरूम, वर धुमस.
शालन म्हणाली, "थडगं बांधताय का कुणाचं?"
मी पाणसळ टेकवून बुडबुड्याकडं बघत होतो.
बुडबुडा पेरूच्या झाडाकडं सरकायचा.
पुन्हा उकरायचं.

खडी म्हणजे काळ्या दगडाची कच,
पिठाच्या चाळणीनं चाळलेली.
त्या चाळणीवरून घरात जे झालं
ते इथं लिहीत नाही.
नवी आणली. जुनी रेल्वेच्या मालकीची झाली.

स्लीपर बाभळीचे, बोटाएवढे, अकराशे चाळीस,
जळक्या ऑइलात आठवडाभर
लोणच्यासारखे मुरवलेले.
चाकं उद्यमनगरात, दस्तगीर मुल्लाणीच्या भट्टीवर,
ब्रेकड्रमच्या घाण्यातून उरलेल्या रसात.
"चाकं न्हवं ही, बटणं हैत," दस्तगीर म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.

गेज पंचेचाळीस मिलिमीटर.
मिरजेहून निघायची ती छोटी लाईन अडीच फुटी.
भागाकार केला तर
एकास सतरा.

त्या लाईनीवर आण्णा चावीवाले होते,
सलगऱ्याच्या अलीकडं-पलीकडं.
खांद्यावर हातोडा, सहा मैल जायचं, सहा मैल यायचं,
मान खाली, सैल झालेली चावी दिसली की एक घाव.
गाडीत बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.
गाडी आली की ते बाजूला सरून उभे राहायचे,
हातात झेंडा, तोंडावर वाफ.
पुढं रूळ रुंद झाले. जुने उचलून नेले.
आण्णा तेव्हा नव्हते.
बरं झालं, असं म्हणवत नाही.

आता सकाळी सहाला मी लाईन बघायला निघतो.
एक्केचाळीस मीटर.
चालत गेलं तर मिनिटही लागत नाही.
मला तास लागतो, गुडघ्यांवर.
रात्रीत मुंग्यांनी खडीखालची माती उपसलेली असते,
सांधा दबलेला; चमच्याच्या दांड्यानं ठासायचं.
बोगद्यात गोगलगाय झोपून गेलेली,
तिची चिकट रेघ रुळावर, चाक जागच्या जागी फिरतं,
रॉकेलचा बोळा फिरवायचा.
मे महिन्यात पितळ वाढतं.
सांध्यात पोस्टकार्डाएवढी फट लागते.
पहिल्या वर्षी ठेवली नव्हती;
भर दुपारी कढीपत्त्यापाशी लाईन
धामणीसारखी वळली.

पुराच्या साली पंचगंगा फाटकातनं आत आली,
चार दिवस राहिली.
गेली तेव्हा खडी नव्हती, बोगदा शेजाऱ्यांच्या अंगणात होता.
शालन खराट्यानं गाळ ओढत होती, मधेच थांबली.
गाळातली पाणसळ उचलून, पदरानं पुसून
तिनंच बांधावर टेकवली.
"बुडबुडा बघा," म्हणाली.
मधोमध.

त्या दिवाळीत आण्णांना केलं.
पाच फूट चार इंच भागिले सतरा,
साडेनऊ सेंटिमीटर.
दस्तगीरनं ओतलं, मी कानस मारली.
हातोडा वेगळा करून खांद्यावर दिला.
तोंड जमलं नाही.
फोटो एकच, गँगमधला, त्यात ते हललेले.
पहिल्या डब्यात बसवायचे होते, खिडकीपाशी.
पण साचा मी उभाच केला होता,
सवयीनं.
गुडघे वाकेनात.

"वाघिणीत उभं करा की," शालन म्हणाली
धुणं वाळत घालता घालता.
"तिला कुठं छप्पर हाय?"

स्पिरिट पेटवलं. काटा दोनवर आला.
इंजिन निघालं: पेरू, मोटार, कढीपत्ता, परत पेरू.
आण्णा शेवटच्या वाघिणीत,
मागं पळणाऱ्या रुळांकडं तोंड करून.

तिसऱ्या फेरीला कढीपत्त्याच्या सांध्यावर
वाघीण उडाली, आण्णा आडवे.
गाडी थांबवली.
सांधा अर्धा सूत खाली होता.
सकाळी मी बघितला होता तो,
चालतंय म्हणून पुढं सरकलो होतो.

त्यांना उचलून बांधाच्या कडेला उभं केलं
आणि चमचा आणायला आत गेलो.