सातवा

बेन त्रेच्या तळ्यावर पहाटे चारला
पाण्यात लवंगेचं तेल. पंगास झिंगते.
तिच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा
मी कापते, दारूच्या कुपीत टाकते.

जाळं धरून बाय काका.
बाय म्हणजे सात. आमच्याकडे असंच,
थोरल्याला दोन म्हणायचं.
एक कुणीच नसतो, एकाला भुतं नेतात.

काका बोट बुडवून जिभेला लावतात.
"मीठ चढलं. गेल्या टेटच्या सणाला इथवर नव्हतं."
माझं मीटर तेच सांगतं, जरा उशिरा.

"हिलाच का ठेवलीस?"
हिची भावंडं खाऱ्या टाकीत सोडली होती.
कोण कितव्या तासाला उलटं झालं, सगळं लिहिलंय.
पुष्कळ टिकली.
हिला मीठ दाखवलंच नाही,
फक्त हिची अक्षरं त्यांच्याशी ताडली,
पन्नास हजार ठिकाणी.
"म्हणजे हिची पिल्लं जगतील?"
"जगतील, असा हिशेब."

ओल्या फडक्यात मासळी धरून
काका बराच वेळ गप्प.
"माझ्या आधीची पाच. दोनपासून सहापर्यंत.
एका वर्षात गेली.
कोण कितव्या दिवशी, आईला पाठ होतं.
त्यावरून माझं काय निघतं,
बघ एकदा तुझ्या यंत्रात."

मी कुपीवर आकडा घालते.
दारू सांडलेली, शाई फिसकटते, पुन्हा घालते.

सोडल्यावर ती क्षणभर
कुशीवरच पडून राहते.
मग शेपूट हलतं,
कापल्या बाजूने आधी.