दुरुस्ती क्रमांक सात

मंगळवारी दुरुस्ती आली,
दोनशे बारा पानांची.
काळा टोनर निम्म्यावर संपला
म्हणून परिशिष्टं आम्ही निळ्यात छापली.

विमानाचीही दुरुस्ती, नियमाचीही दुरुस्ती.
शब्द एकच.
विमानाच्या दुरुस्तीखाली मात्र कोणाची तरी सही असते.

सांता मारिया बेटावर आमचं एकच हँगर.
अटलांटिकवरचा वारा सरळ आत येतो,
मीठ घेऊन, न विचारता;
रिव्हेटच्या डोक्यावर इथे जशी पांढरी पूड धरते
तशी लिस्बनच्या कुठल्याच पुस्तकात धरत नाही.

माझं काम विमानांचं नाही, तारखांचं.
कोणाचं लायसन्स कधी संपतं,
कोणाची सही कुठल्या इंजिनावर चालते,
कोणाची नाही.
चार कपाटं आणि एक कुरकुरणारा संगणक.

पहिल्या साठ पानांत नवं असं की
कार्बन फायबरचा वेगळा पेपर,
सॉफ्टवेअर चढवणं हेही आता हातकामातच धरायचं,
आणि शिकाऊ माणसाच्या वहीत
‘पाहिलं’ आणि ‘केलं’ यांना दोन निराळे रकाने.
मला आवडलं ते.
माझी वही काढली तर पहिलाच रकाना भरेल.

पान एकशे एकोणचाळीसवर एर्मिनियु अडकला.

गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम.
ओळ जुन्या नियमातही होती,
पण तिच्यात एक ‘शक्यतो’ होता.
तो कोणीतरी काढून घेतला,
अलगद, वॉशर काढावा तसा.

एकतीस वर्षं त्याने इथे सह्या केल्या.
मग वीसेक महिने घरी,
बायकोच्या डायलिसिसच्या वेळा सांभाळत,
तिच्या सूपातलं मीठ चिमटीने मोजत.
नोव्हेंबरात ती गेली.
जानेवारीत हा डबा घेऊन परत आला
आणि पान्यांच्या फळ्यावर
आपल्या पान्याची रिकामी आकृती शोधू लागला.

मी हिशेब तीनदा केला.
चार महिने, अकरा दिवस.

“म्हणजे मी शिकाऊ?”
“देखरेखीखाली,” मी म्हणाले. नियमातला शब्द.
“कोणाच्या?”

या विमानासाठी बेटावर सही एकटीचीच चालते,
झुल्मिराची.
तिच्या वहीतली पहिली दोनशे कामं
त्याच्याच तिरक्या अक्षराने मंजूर झालेली.
तिने पहिली लॉकवायर उलट पिळली
तेव्हा तो ओरडला नव्हता,
नुसती पक्कड पुढे केली होती.

पहिल्या दिवशी तो शिडीवर, ती खाली.
दोघं वाऱ्याबद्दल बोलत होती.
त्याचं झालं. तिने पेन उघडलं,
पुन्हा बंद केलं.
“दिवा द्या.”
वर चढून तिने एकेक पिन बोटाने चाचपली.
तो पिंपावर बसून हात पुसत राहिला,
आधीच स्वच्छ असलेले.
मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू.

चौथ्या आठवड्यात तिला सापडली
एक कॉटर पिन.
घातलेली होती. टोकं वाकवायची राहिलेली.

ती काहीच बोलली नाही.
पक्कड पुढे केली.

त्याने टोकं वाकवली, एक, मग दुसरं.
शिडीवरून उतरला तेव्हा म्हणाला,
“चार वाजले होते.
चारला मशीन सुटायचं तिचं.”

फॉर्मवर यासाठी जागा नव्हती.
मी फाइल मिटायला लागले
तर त्यानेच हात ठेवला तिच्यावर.
“लिही. पिन. माझं नाव. वेळही लिही.”
मग ‘केलं’मध्ये त्याने सही केली,
‘पाहिलं’मध्ये तिने.

विमान सव्वापाचला सुटलं,
एकोणीस माणसं,
एका बाईच्या मांडीवर बिस्किटांचा डबा.

दुरुस्ती क्रमांक आठ पुढच्या वर्षी येणार म्हणतात.
टोनर मागवून ठेवलाय.