बारीक, जाड, उलटं

पिच म्हटलं की नागपुरात लोकांना जामठा आठवतो.
मला आटे आठवतात.
एका फेऱ्यात स्क्रू जितका आत जातो, तितका त्याचा पिच.
हिंगण्याच्या शेडमध्ये तेवीस वर्षं
लोखंडावर मी हेच कोरत आलो.
हवेतही आटे पाडता येतात
हे मला कुसुमताई लांजेवारांनी सांगितलं,
पॉलिटेक्निकच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर,
स्कूटीच्या डिकीतून एक मोडका हब काढून
माझ्या लेथच्या बेडवर ठेवत.
"असा बनवून दे, मोरेश्वर. पण चालणारा."

मोटरचा दांडा पोकळ.
त्यातून दीड मिलिमीटरची तार,
एका टोकाला सर्व्हो, दुसऱ्या टोकाला दोन पाती,
जागच्या जागी कूस बदलणारी.
पितळेचे चार हब भंगारात गेले.
पाचवा ॲल्युमिनियमचा. फट एवढीच
की सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद जाईल.
ताईंनी कागद घालून पाहिला.
गेला.
मग सहावा.

कळमेश्वर रोडला एक ले-आउट आहे,
प्लॉट विकलेले, दगड रोवलेले, घर एकही नाही.
नकाशातला बारा मीटरचा रस्ता
आमची धावपट्टी.
तिथे दोन हिवाळे ताईंनी एकटीनं विमान उडवलं
आणि मी मफलर गुंडाळून नुसता पाहत राहिलो
माझं काम वर चमकताना.

तिसऱ्या दिवाळीनंतर ताईंचा डावा हात गेला.
गेला म्हणजे आहे, खांद्याला आहे,
बोलावलं तर येत नाही.
रिमोटची उजवी काठी म्हणजे विमान कुठे,
डावी म्हणजे किती जोरात,
आणि डाव्याच कोपऱ्यात
पात्यांच्या कोनाची ती छोटी चकती.
विमान कपाटावर. त्यावर चादर.
मी भेटायला जायचो, चहा घ्यायचो,
चादरीकडे बघायचो नाही.

फेब्रुवारीत फोन आला.
"तुला दोन हात आहेत ना? एक घेऊन ये."

रिमोट त्यांच्या गळ्यात, मी डाव्या अंगाला.
काठ्या दोन, माणसं दोन, दोघांचेही हात उजवे.
कोराडीच्या चिमण्यांचा धूर पूर्वेला कललेला.
ताई म्हणाल्या, "बारीक."
मी चकती फिरवली, पाती आडवी झाली,
मोटर किंचाळली आणि चाकं
आठव्या दगडापाशी जमीन विसरली.
"आता जाड."
पात्यांनी हवेचा मोठा घास घेतला,
आवाज खाली उतरला, खर्जात,
विमान ढांगा टाकायला लागलं.

माझा अंगठा पांढरा पडलेला.
"काहून एवढं दाबून राहिला?
हवा आहे ती, नट नाही.
घट्ट नको करू."

तीन चकरा. चौथीत मी चुकलो,
जाडच्या जागी बारीक केलं;
विमान हवेत अडखळलं,
पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तसं.
ताई काही बोलल्या नाहीत.
उजव्या अंगठ्यानं नाक थोडं खाली घेतलं
आणि मला सावरायला
तेवढं आभाळ दिलं.

उतरताना म्हणाल्या, "उलटं."
आजवर मी ते फक्त टेबलावर पाहिलेलं:
मोटर त्याच दिशेनं फिरते,
पाती शून्य ओलांडून पलीकडे झुकतात,
आणि ओढणारा पंखा ढकलायला लागतो.
विमान टेकलं, दोन दगडांच्या अंतरात थांबलं,
मी चकती सोडायची विसरलो
म्हणून हळूहळू
मागे यायला लागलं, आमच्याचकडे,
शेपटी पुढे करून.

बाजूच्या नर्सरीचा चौकीदार कुंपणापाशी उभा होता.
"रिव्हर्स पण आहे का जी याला?"
"आहे," ताई म्हणाल्या, "पण हॉर्न नाही,"
आणि हसताना तोंडाचा एकच कोपरा वर गेला.

बॅटरी चोवीस टक्के. गरम.
ताईंनी लॅबवाली लांबट वही काढली,
उघडी राहावी म्हणून मी तिच्यावर पाना ठेवला.
तारीख. वारा. उड्डाणाची मिनिटं: सहा.
वैमानिक: या रकान्यात
त्यांनी थोडा विचार करून लिहिलं,
दीड.

अर्धा कोण, ते लिहिलं नाही.
मीही विचारलं नाही.