कोतवालाची जबानी

त्या साली मी सात गावांचे निरोप वाहिले.
कागद कुठेच नव्हता. शब्दाला शब्द लागून,
जसा धुऱ्याला धुरा.

बोरखडीच्या उदेभान देवतळ्यांनी
आधी एक कड्यांची काठी केली,
कुत्री फार झाली म्हणून.
ती काठी नदीपल्याड जानराव हिंग्यांच्या कानावर गेली,
माझ्याच तोंडून, खोटं कशाला बोलू.
त्यांनी चार केल्या.
मग इकडे चाळीस.
दोघंही मला चहा पाजून सांगायचे,
"आपल्याले भांडाचं नाही रे सोमा,
पण तो भेला पायजे."
भेलेले दोघंही होते.
तेवढं मात्र कोणी निरोपात घातलं नाही.

मग सोयरिकी.
देवतळ्यांची पुतणी वडगावात दिली,
हिंग्यांनी पिंपरीत व्याही केला,
पिंपरीची आण टाकळीशी, टाकळीचं वैर वडगावशी.
"तुमच्यावर आलं ते आमच्यावर आलं"
हे मी चार वेशींत सांगितलं,
दोन्ही बाजूंनी, त्याच शब्दांत,
आणि दर वेळी सुपारी फुटली.

मधे गोंडांचा टोला, सोळा घरांचा.
माणकू उईके कुडाला टेकून म्हणाला,
"आमचं त्यायच्यासंग काय हाय?"
मी म्हटलं, काही नाही.
तुमच्या दारावरून वाट जाते.

माघात शंकरपट भरला.
दोन्ही जोड्या एका दमात सुटल्या,
घड्याळवाला मास्तर घाम पुसत म्हणाला, बरोबरी.
तेव्हा एका पोरानं ढेकूळ मारलं.
बारा वर्षांचं पोर. नाव ठाऊक आहे, सांगत नाही.
बैलाला लागलंही नाही,
जुवावर फुटलं, माती झाली.

उदेभान मला बाजूला घेऊन म्हणाले,
"जाय, सांग त्यायले, लेकरू हाय. चुकलं."
इतक्या वर्षांत एवढा हलका निरोप
कधी मिळाला नव्हता. मी धावलोच.

पण वडगावचा ट्रॅक्टर तोवर निघाला होता.
दिवस बुडायच्या आत पोचू, असा शब्द होता त्यांचा,
आणि थांबलं तर शब्द खोटा.
त्याची धूळ टाकळीनं पाहिली.
टाकळीचा भोंगा पिंपरीनं ऐकला.
छकड्यांच्या उभाऱ्या उपसल्या गेल्या,
ज्याच्या त्याच्या हातात, ज्याच्या त्याच्या सोयऱ्यासाठी.
मी नदीच्या मधात, गुडघाभर पाण्यात,
तोंडात माफी.

पहिलं पेटलं ते टोल्यावरचं कूड.
तिथला एकही माणूस पटाला गेला नव्हता.

पंचनाम्याला तहसीलदारांनी विचारलं,
सुरुवात कोणी केली?
मी ढेकळापासून सांगायला लागलो,
मग सोयरिकींपाशी आलो, मग चाळीस काठ्या,
मग चार, मग एक.
ते म्हणाले, "एकच नाव सांग, रकाना लहान आहे."

रकाना तसाच राहिला.
उदेभानांची ती पहिली काठी जप्तीत गेली.
बोरखडीत कुत्री अजून फार आहेत.