वारो येना

मडगावात दोनदा गॅस भरून झाला.
दोन्ही पावत्या डॅशबोर्डवर उन्हात पिवळ्या पडल्या
आणि गाडी तशीच.
तळहात जाळीला अगदी चिकटवला
तर बोटांच्या टोकांना कळायचं, आत थंड काहीतरी आहे.
मागच्या सीटवर मे कशाला, नोव्हेंबरही शिजायचा.

कुडचड्याला फाटकाच्या अलीकडे इनासची शेड.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
कालच्या पेपरची एक पट्टी फाडली, जाळीसमोर धरली.
नॉब एकावर. दोनवर. तीनवर.
पट्टी ढिम्म.
चारवर ती जराशी हलली,
नको असलेल्या पाहुण्याला मान डोलवावी तशी.

"थंड आसा," तो म्हणाला, "पूण वारो येना."
मी म्हटलं, दोन्ही एकच ना?
त्याने माझ्याकडे पाहिलं,
ऱ्हस्व-दीर्घ एकच मानणाऱ्या पोरांकडे
सव्वीस वर्षं मी पाहत आले, तसं.

गॅस थंड करतो, बाय. ढकलत नाही.
ढकलायला पंखा, आणि पंख्याला वाट.
एक-दोन-तीन मुके, म्हणजे रेझिस्टर जळला,
ते दुखणं निराळं.
पण चारवरही एवढंच?
वाट बुजलीय कुठेतरी.

खण रिकामा कर म्हणाला.
विम्याचे कागद, आल्याच्या गोळ्या,
एका मुलाचा जप्त केलेला भोवरा
(तो मुलगा आता बोटीवर असतो),
सगळं मांडीवर घेऊन बसले.
दोन्ही बाजू आत दाबून त्याने खण लोंबता केला,
मागचं झाकण सरकवलं
आणि दोन बोटांनी ते ओढून काढलं.

मला वाटलं वीट आहे.

फिल्टर पांढरा असतो म्हणे.
हा लाल, जड, घड्याघड्यांतून
सुरूच्या काड्या आणि मोहोराची भुकटी.
गाडी मी कुष्टा वेळीपांकडून घेतली,
वजनकाट्यावर कारकून होते ते.
खाणीच्या फाटकाशी ती दिवसभर उभी असायची, काचा घट्ट बंद.
चौदा वर्षांत हे झाकण कुणी उघडलं नव्हतं.
मीही नाही.
ते आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

इनासने फिल्टर पायरीवर आपटला,
पडलेल्या धुळीतली चिमूट बोटांत चोळली,
उजेडाकडे धरली.
"अठ्ठावन."
काय अठ्ठावन?
"ग्रेड."

खाणी बंद व्हायच्या आधी सात वर्षं त्याचा टिपर होता.
धक्क्यापर्यंत दिवसाला तीन फेऱ्या,
ताडपत्री असली तर असली.
टिपर बँकेने नेला,
मग वास्कोत चुलतभावाकडे बसून हे शिकला.
"हातूंतली थोडी म्हजीच आसतली,"
एवढं बोलून तो पंख्याचे स्क्रू सोडायला खाली वाकला
आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.
एक स्क्रू गंजला होता.

पंख्याच्या पिंजऱ्यात उंदराचं बाळंतघर.
कुरतडलेले कागद, एका तुकड्यावर निळ्या शाईत
१०.२४
पुढचं खाल्लेलं.
तो मी ठेवून घेतला. का, ते विचारू नका.

पात्यांवरून ब्रश. नवा फिल्टर, बाणाचं तोंड खाली.
रेझिस्टर उद्याच्या बसने येईल,
तोवर चारवरच चालव.
आता काच खाली कर, तोंड बाजूला घे.

काच खाली केली.
तोंड बाजूला घ्यायचं राहिलं.

नळ्यांत उरलेलं सगळं एकदम आलं,
साडीवर, चष्म्यावर, दातांत लोखंड,
आणि त्याच्यामागून वारा,
असा की पेपरची पट्टी
त्याच्या बोटांतून सुटून थेट मागच्या काचेवर.

शेडीबाहेर जाऊन थुंकले. लाल.
परत आले तर इनास माझ्या जागेवर,
पैशांचं काही बोलत नव्हता,
जाळीसमोर गळा उघडा करून
डोळे मिटून बसला होता.