झाकली मूठ

बेकरीवालीनं सुट्टे दिले, त्यात हे एक होतं,
नवंकोरं, दोन युरोचं.
वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाणं नाकाशी नेलं.
"घंटा आहे," म्हणाले.
मग नखानं चाचपत, "नाही. किल्ल्या आहेत.
किल्ल्यांचीच घंटा केलीय."
खाली तारीख. सतरा नोव्हेंबर. वीस वर्षं.

ओठ हलले त्यांचे: साठ कोरुना, वर थोडी चिल्लर.
कोरुना जानेवारीतच गेला,
वडील अजून त्याच्यातच मोजतात,
आपल्यापुरतं.

मी नऊ वर्षांची होते.
कोशित्सेचा मोठा रस्ता, कॅथेड्रलपासून थिएटरपर्यंत
नुसती डोकी, आणि डोक्यांवर हात,
आणि हातांत किल्ल्या.
घराच्या, सायकलीच्या, टपालपेटीच्या,
कुणाच्या तरी कोळशाच्या तळघराची गंजकी एक.
उतारावरून मेंढरं परतताना वाजतं
तसं काहीतरी, पण न संपणारं.
घोषणा नव्हती ती.
सांगत होते एवढंच:
फार उशीर झाला, निघा आता तुम्ही,
दार आम्ही लावून घेतो.

मी वडिलांचा कोट धरून उभी.
पोलादाच्या कारखान्यात ते भांडार सांभाळायचे,
नटबोल्ट, हातमोजे, वेल्डिंगच्या काळ्या काचा,
एकतीस किल्ल्या एका कड्यात.
एवढा जुडगा अख्ख्या रस्त्यावर कुणाकडे नसणार.
मला वाटलं, आता काढतील.
आता.
सगळ्यांत मोठा आवाज आपला येईल.

त्यांचा हात खिशात होता.
मी माझाही घातला आत, ऊब म्हणून.
मूठ लागली, दगडासारखी.
बोटांच्या फटीतून किल्ल्यांचे दात.
वाजू नयेत म्हणून आवळलेली मूठ.

औषधाच्या दुकानापाशी
विभागप्रमुख ह्रोबाक उभा होता, टोपी खाली ओढून.
त्याचाही हात खिशातच होता,
हे मला नंतर आठवलं, फार नंतर,
तो आमच्या शाळेत त्या दिवसांवर भाषण द्यायला आला
आणि टेबलावर किल्ल्या वाजवून दाखवल्या तेव्हा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
ती किती लाखांची होती
आम्ही घरात कधी काढलं नाही.
पाहुण्यांत विषय निघाला की वडील उठायचे,
चहाचं पाणी ठेवायचे, ज्याला नको त्यालाही.
तुम्ही होता का तिथं, कुणी विचारलंच,
तर हो म्हणायचे.
खोटं नव्हतं ते.

आज सुपरमार्केटच्या दारात
ढकलगाडीच्या साखळीला नाणं हवं होतं.
माझ्याकडे नव्हतं.
त्यांनी हे पुढं केलं.
"हे नको, बाबा. आठवण म्हणून काढलंय, जपून ठेवू."
"दोन युरो लिहिलंय त्यावर," ते म्हणाले,
आणि फटीत ढकललं.
खट्.
गाडी सुटली.
"बघ," म्हणाले, "उघडतं."

बटाटे, आंबवलेली कोबी, दिव्याचा एक बल्ब.
ओमाच्या क्रीमच्या दोन डब्यांपुढं ते बराच वेळ उभे,
कुठली आई वापरायची ते आठवेना.

गाडी परत लावली. साखळी जोडली.
नाणं बाहेर आलं, ऊनही नाही, थंडही नाही.
वडिलांनी ते कोटाच्या खिशात टाकलं,
जिथं आता तीनच किल्ल्या असतात:
घर, तळघर, टपालपेटी.

चालायला लागलो तसं वाजायला लागलं.
बारीक. पावलागणिक.
ते थांबले. मला वाटलं, दम लागला.
हात खिशाकडे गेला,
आणि वरच, कापडावरच, जरासा टेकला.
"ऐकू येतंय का गं?"
"काय?"
"काही नाही."

हात त्यांनी बाहेरच ठेवला, त्या गारठ्यात, उघडा.
बसला अजून बारा मिनिटं होती,
तरी थांब्यापर्यंत वडील
गरजेपेक्षा जरा मोठी पावलं टाकत गेले.