तीन दिवसांत अकरा चेंडू

शुक्रवारी तो उठलाच नाही.
कुंपणापलीकडे, बुलपेनच्या पत्र्याच्या बाकावर
सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता;
टरफलं कागदी पेल्यात, जमिनीवर एकही नाही.
मी तेवढंच टिपलं, तारखेखाली, पेन्सिलीनं:
टरफलं पेल्यात.

त्याचं कॉलेज नऊ धावांनी पुढे होतं,
आणि आग लागल्याशिवाय
बंब बाहेर काढत नाहीत.

ओमाहाहून सहा तास गाडी हाकली होती मी,
मक्याच्या कापल्या खुंटांमधून,
एका रिलीफ पिचरसाठी, लायल हुक्स्ट्रासाठी,
जो महिन्याकाठी सगळा मिळून तासभरही खेळत नाही.

शनिवारी वारा.
तो दोनदा उठला, दोनदा बसला.
कोट काढला, कोट घातला.
रात्री मोटेलवरून ऑफिसला फोन केला तेव्हा
डेल्फीननं विचारलं, काय पाहिलंस?
म्हटलं, कोट.

रविवारी, आठव्या इनिंगमध्ये,
दोन बाद, तिन्ही बेसवर माणसं, आघाडी एका धावेची.
फाटक करकरलं.
तो धावत आला नाही, चालत आला,
जसं कुणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरावं
उतू गेलेलं दूध पुसायला.

चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव, गुडघ्याच्या उंचीवर.
एक बाहेर गेला, मुद्दाम.
मग स्लायडर.
फॉर्मवर त्याच्यासाठी वीस ते ऐंशीमधला एक आकडा असतो,
मी साठ लिहिले.
पण खरं सांगायचं तर
दारापर्यंत आलेला पाहुणा
चपला न काढताच मागे फिरावा, तसा तो चेंडू.
फलंदाजानं बॅट फिरवली ती त्या पाहुण्याच्या रिकाम्या जागेवर.

शेजारच्या रांगेतल्या तिघा स्काउटांनी
रडार गन पिशवीत घातल्या.
पाहायचं ते पाहून झालं होतं, विमानं गाठायची होती.
मी थांबलो. मला विमान नव्हतं.

नवव्या इनिंगमध्ये दोघे झटपट गेले.
नववा चेंडू: एक्क्याण्णव.
दहावा: एकोणनव्वद.
दहाव्यानंतर त्यानं उजवा हात पाठीमागे नेला,
सगळ्यांच्या नजरेआड, फक्त माझ्या बाजूला,
आणि मूठ उघडली, मिटली, उघडली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.
मला माहीत आहेत त्या मुंग्या.
टल्सामध्ये, एका एप्रिलच्या दुपारी,
मीही माझी बोटं अशीच मोजली होती पाठीमागे.
गर्ट्झ नावाचा म्हातारा स्काउट तिथंच बसला होता, ह्याच कोनात.
त्यानं पाहिलं. लिहिलं नाही.
मला करार मिळाला, आईच्या घराला नवं छप्पर मिळालं,
आणि कोपर नऊ आठवडे टिकलं.
आजही ठरवता येत नाही मला
त्या माणसाचे पाय धरावेत की गचांडी.

अकरावा चेंडू लोंबकळला.
उंच उडाला, जाणार असं वाटत होतं,
पण शनिवारचा वारा अजून तिथंच होता,
त्यानं तो आत आणून टाकला झेलणाऱ्याच्या हातात.
पोरं माउंडवर धावली. कुणी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

नंतर तो चेंडूंची बादली घेऊन कुंपणाशी आला.
डाव्या हातात.
विचारलं, हात कसा आहे?
"एकदम मस्त, सर."
हे उत्तर रडारवर धरलं असतं
तर शंभराच्या वर गेलं असतं.
बाविशीतलं पोर. दातांच्या फटीत बीचं एक टरफल अडकलेलं.

गाडीत बसून फॉर्म भरला.
वेग, नियंत्रण, स्लायडर, शरीर, स्वभाव.
स्वभावाला सत्तर दिले, मी सहसा कुणाला देत नाही.
शेवटी एक रिकामी चौकट असते, शेरा.
टरफलं पेल्यात, मी लिहिलं.
खाली दोन ओळी उरल्या.
मैदानातले दिवे एकेक करून गेले,
आणि मी अंधारात, चाचपडत,
पेन्सिलीला टोक काढत बसलो.